वहीत नसलेले नऊ हजार

"नमस्कार काकू. आम्ही सिंहगड रोडला राहतो. मिस्टर पिंपरीला खासगी कंपनीत आहेत, हातात ५८ हजार येतात. मी घरी फॉल-पिको करते, ब्लाउज शिवते, त्यातून सहा हजार सुटतात. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत. सासूबाईंना बीपी आणि शुगर. घराचा हप्ता चालू आहे. बावीस-तेवीस तारखेलाच पैसे संपतात आणि मग दर महिन्याला पाचेक हजार क्रेडिट कार्डावर जातात. कार्डाचे ३८ हजार थकलेत, किमान रक्कम भरत राहतो. मी जमेल तिथे कमी केलंय. फळं बंद केली, दूध दोन लिटरचं दीड लिटर केलं, माझा चष्मा पुढे ढकलला. परवा कळलं की सासूबाई शुगरची गोळी एक दिवसाआड घेतायत, 'तेवढी पुरते' म्हणाल्या. मिस्टर म्हणतात, तुला घर चालवता येत नाही. भांडी-फरशीच्या मावशींना बंद करू का? आणखी काय कमी करू? ६० हजारांची ठेव आहे, पण ती मुलीच्या शिक्षणाची, तिला हात लावायचा नाही. वहीच्या पानांचे फोटो सोबत पाठवतेय."

प्रिय ताई,

आधी एक काम करा, हे पुढे वाचायच्याही आधी. सासूबाईंना सांगा की गोळी डॉक्टरांनी सांगितली तशी रोजच्या रोज घ्यायची. आणि या आठवड्यात त्यांची साखर तपासून घ्या, डॉक्टरांना मधल्या खाड्याचं सांगा. साखर वाढली की ती लगेच दुखत-खुपत नाही, आतल्या आत डोळे, मूत्रपिंड आणि पायांच्या नसा खाते. तिथे वाचलेले दोन-चारशे रुपये पुढे कितीला पडतील याचा हिशेब मांडवत नाही.

औषधाचा खर्च कमी करायचा रस्ता वेगळा आहे. तुमच्या वहीत औषधांचे २,४०० आहेत. बीपी-शुगरची बरीचशी औषधं जनऔषधी केंद्रात मिळतात आणि नावाजलेल्या ब्रँडच्या निम्म्याहूनही कमी किमतीत मिळतात. पुण्यात अशी केंद्रं भरपूर आहेत, तुमच्या बाजूलाही सापडेल. डॉक्टरांना म्हणा, "गोळीतल्या मूळ औषधाचं नाव लिहून द्या, आम्ही जनऔषधीतून आणतो." तेच औषध, तेवढ्याच मिलिग्रॅमचं, याची खात्री त्यांच्याकडूनच करून घ्या. यात लाजायचं काही नाही.

आता तुमची वही. मी ती पानं दोनदा वाचली. एकही दिवस रिकामा नाही. १४ तारखेच्या पानावर "कोथिंबीर १०" खोडून "१५" केलंय. खाली लिंबं १०, पाव २०, दोऱ्याचं रीळ ३०. आणि पानाच्या तळाशी पेन्सिलीने चौकट आखून लिहिलंय, "चष्मा, पुढच्या महिन्यात". हीच चौकट आधीच्या दोन महिन्यांतही आहे. जिच्या वहीतून कोथिंबिरीचे पाच रुपये निसटत नाहीत, तिला घर चालवता येत नाही, हे मला अजिबात मान्य नाही.

मग मी बेरीज केली. हप्ता २१,५००, शाळा आणि व्हॅन ८,२००, वाणसामान ८,५००, पेट्रोल ४,०००, सोसायटीचा मेंटेनन्स २,८००, दूध, भाजी, वीज, गॅस, औषधं, मावशी, मोबाइल-इंटरनेट असं एकूण एक धरून ५९,६५० रुपये होतात. घरात येतात ६४,०००. म्हणजे तुमच्या वहीप्रमाणे महिनाअखेर ४,३५० रुपये उरायला हवेत. प्रत्यक्षात पाच हजार कमी पडतात. याचा अर्थ दर महिन्याला नऊ हजारांवर रक्कम अशी जाते जी तुमच्या वहीत नाहीच. तुम्ही काटछाट करताय ती लिहिलेल्या खर्चात, आणि पैसे जातात न लिहिलेल्या खर्चात. म्हणून फळं बंद करूनही तारीख बावीसच राहिली.

या नऊ हजारांतला एक तुकडा मी इथे बसून दाखवू शकते. कार्डाचे ३८ हजार थकलेत. कार्डावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, काहींचं थोडं कमी-जास्त. साडेतीनने धरलं तर १,३३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास १,५७०. दर महिन्याला. यात घरात एक दाणा येत नाही. शिवाय आधीची रक्कम पूर्ण भरलेली नसली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. म्हणजे तेवीस तारखेला कार्डावर घेतलेलं दूधही व्याजाचं.

आणि तुमची ६० हजारांची ठेव तिकडे वर्षाला सात टक्क्यांच्या आसपास कमावत असेल. त्यातल्या ३८ हजारांवर तुम्हाला वर्षभरात मिळतात साधारण २,६५० रुपये. तेवढ्याच ३८ हजारांच्या कार्डाच्या थकबाकीवर तुम्ही भरता १८,८०० रुपये. ताई, मुलीच्या शिक्षणाचे पैसे तुम्ही राखत नाही आहात, ते कार्डाच्या व्याजात चाललेत. ठेव मोडा. मुदतीआधी मोडल्याचा थोडा दंड बसेल, बसू दे. कार्ड एकदाच पूर्ण भरा, उरलेल्या २२ हजारांची पुन्हा ठेव करा आणि कार्ड सासूबाईंच्या कपाटात ठेवून द्या. त्यानंतर महिन्याला तीन हजार बाजूला पडले तर तेरा महिन्यांत ठेव होती तिथे येते. यातले निम्मे तर वाचलेल्या व्याजाचेच असतील. ठेव मोडताना मनाला लागतं, मला कल्पना आहे. तरीही मोडा.

राहिले ७,८०० रुपये. म्हणजे रोजचे २६०. ही रक्कम एका ठिकाणी जात नाही, म्हणून ती कुणाच्या लक्षात येत नाही.

येत्या रविवारी जेवणं झाली की दोघांचे फोन आणि तुमची वही घेऊन बसा. यूपीआयचा मागच्या तीन महिन्यांचा इतिहास उघडा, बँकेचं स्टेटमेंट उघडा. मुलीला लिहायला बसवा, आठवीतली मुलगी हे उत्तम करेल. एकाने वाचायचं, तिने मांडायचं. चार रकाने पुरेत: बाहेरचं खाणं, ऑनलाइन मागवलेलं, आपोआप कापलं जाणारं, आणि आठवत नाही असं. एक अट मात्र पाळा. त्या दुपारी कुणी कुणाला बोलायचं नाही. "हे कशाला घेतलंस" हा प्रश्न निघाला की फोन बाजूला पडतो आणि हिशेब तिथेच थांबतो. मिस्टरांच्या खर्चात ऑफिसमधल्या मित्रांचा चहा निघेल, तुमच्याही खर्चात काहीतरी निघेल. निघू दे.

मी अशा याद्या करायला ओळखीच्या बऱ्याच घरांत बसले आहे आणि सगळ्यात जास्त ओळी दोनच रकान्यांत भरतात. एक, संध्याकाळी कंटाळा आला म्हणून मागवलेलं जेवण. दुसरं, दहा मिनिटांत घरी येणारं सामान. या दुसऱ्याकडे नीट बघा. रात्री साडेनऊला लक्षात येतं, उद्याच्या डब्याला कांदे नाहीत. अर्धा किलो कांदे मागवायला जाता, तर डिलिव्हरीचा आकार कांद्यांच्या जवळपास जातो. तो वाचवायला अमुक रकमेचं सामान घ्या असं फोन सांगतो. मग वेफर्सची दोन पाकिटं, चॉकलेट, एक बिस्किटांचा पुडा. त्यावर हाताळणीचा आकार वेगळा. वीस रुपयांच्या कांद्यांपायी दोनशे तीस गेले आणि वहीत काहीच लिहिलं गेलं नाही, कारण पाकीट उघडलंच नाही. नोट हातातून जाते तेव्हा ती तुमच्या वहीत उतरते. स्कॅन केलेलं उतरत नाही.

म्हणून तुमच्या वहीला फोनचा एक रकाना जोडा. आणि आठवड्याच्या वरखर्चाची रक्कम ठरवून, समजा २,५०० रुपये, सोमवारी रोख काढून एका डब्यात ठेवा. भाजी, पाव, वह्या-पेनं, वडापाव, सगळं त्या डब्यातून. डबा शुक्रवारी रिकामा झाला तर शनिवार-रविवार घरात आहे त्यावर भागवायचं. पहिले दोन आठवडे ओढाताण होईल.

आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे नावाचा भाग असतो. तिथे सगळ्या चालू परवानग्या दिसतात आणि तिथूनच बंद करता येतात. कुणी बघत नसलेलं एखादं चॅनेल, महिनाभर फुकट म्हणून घेतलेलं काहीतरी, मुलाच्या खेळातलं काहीतरी तिथे सापडायची शक्यता बरीच आहे.

आता मावशींबद्दल. नाही, त्यांना बंद करू नका. त्यांना तुम्ही १,८०० देता. त्या येतात म्हणून तुम्हाला रोजचे दीड-दोन तास मिळतात आणि त्या तासांत तुम्ही मशीनवर बसता. तुमच्या सहा हजारांतले बरेचसे त्या तासांचे आहेत. भांडी-फरशी अंगावर घेतलीत तर १,८०० वाचतील आणि दोन-तीन हजारांचं शिवण कमी होईल, वर कंबर दुखेल ती वेगळी. उलट सणासुदीच्या आधीच्या महिन्यात तुमच्याकडे काम वाढत असेल तेव्हा त्यांना पोळ्यांचंही काम देता येतं का बघा. तुमच्या हाताला दर आहे ताई, तो घरच्या हिशेबात धरा.

आणि फळं आजपासून सुरू करा. सफरचंद, किवी हवीत असं कोण म्हणतं? केळी आहेत, पेरू आहे, पपई आहे, चिकू आहे. पावसाळा सरताना पुरंदरची सीताफळं येतात तेव्हा मंडईत ढीग लागतात. वाढत्या वयाची दोन मुलं आणि दिवसभर मशीन मारणारी बाई असलेल्या घरात फळं बंद आणि वेफर्स चालू, हे उलटं झालंय. दूधही परत दोन लिटर करा. सायीचं विरजण लावलंत तर आठवड्याला लोणी निघतं, तूप विकत आणावं लागत नाही, ताक वर मिळतं. वहीत तुपाचा डबा दिसला म्हणून म्हणते.

इथे थोडं थांबून माझ्या आईचं सांगते. आम्ही शुक्रवार पेठेत वाड्यात दोन खोल्यांत राहायचो. आई सगळ्यांची पानं वाढून झाली की पातेल्याला लागलेलं वरण पोळीने पुसून घ्यायची आणि म्हणायची, माझं झालं. आम्हाला ते खरंच वाटायचं. एकदा पाणी भरताना ती जिन्यात कोसळली, तेव्हा तपासात रक्त किती कमी आहे ते कळलं. पुढे वर्षभर इंजेक्शनं आणि टॉनिकं. तुमच्या घरात खर्च कमी झाला तो कुणाचा, बघा. चष्मा तुमचा, गोळी सासूबाईंची. घरातल्या दोन बायकांनी न बोलता स्वतःच्या ताटातलं काढून ठेवलं, आणि तरी तूट गेली नाही. तूट सगळ्या घराची आहे तर ती रविवारी सगळ्या घरासमोर मांडली गेली पाहिजे. मिस्टरांना हे पत्र वाचायला दिलंत तरी चालेल. ते वाईट आहेत असं मला बिलकुल वाटत नाही. त्यांनी ही बेरीज कधी पाहिलेली नाही.

वाणसामानाचे ८,५०० पाच माणसांना फार नाहीत, पण सात-साडेसातवर येऊ शकतात. यादीत तेल पाच लिटर आहे. आहारतज्ज्ञ माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरे म्हणतात, म्हणजे तुम्हाला अडीच. एकदम निम्मं करू नका, तीन-साडेतीनवर या. तळण आठवड्यातून एकदा, आणि फोडणीला तेल पळीने न ओतता चमच्याने.

पाकिटातला आटा बंद करा आणि गहू दळून आणा. आमच्या वाड्यात मे महिना म्हणजे गच्चीभर गहू. लोकवन की सिहोर यावर आठवडाभर चर्चा, मग वाळवण, चाळण, आणि कोठीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून भरण. तुमच्या फ्लॅटमध्ये वर्षाचे गहू मावणार नाहीत, आणि त्यासाठी एकरकमी पैसे काढायची ही वेळही नाही. पण सोसायटीतल्या तिघी-चौघींनी मिळून मार्केट यार्डच्या भुसार बाजारातून ५० किलोचं पोतं आणलं आणि वाटून घेतलं, तर प्रत्येकीला जागाही कमी लागते आणि रिक्षाचं भाडंही विभागतं. तांदूळ, तूरडाळ, गूळ, शेंगदाणे असेच आणता येतात. नवे गहू मार्च-एप्रिलपासून येतात, नवी तूर जानेवारीच्या सुमारास बाजारात यायला लागते. त्या आसपास खरेदी करा. उन्हाळी कांदा वाळलेला, घट्ट मानेचा बघून दहा किलो घेतला आणि हवेशीर टोपलीत पसरून ठेवला तर महिना-दीड महिना बघावं लागत नाही. मग रात्री साडेनऊला फोनवर कांदे मागवायची वेळ येत नाही.

जे पाकिटातलंच घ्यायचं, साबण, पावडर, चहा, त्यावर एमआरपीच्या जवळ ग्रॅममागे किंवा किलोमागे किंमतही छापलेली असते. ती वाचा. मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं असं नाही आणि "एकावर एक फुकट"ही नेहमी स्वस्त नसतं. सवलत बघून दुप्पट आणलं की घरात दुप्पट संपतं, विशेषतः चहा आणि बिस्किटं.

भाजी तुम्ही चांगलीच घेता, तिथे मी काही सांगणार नाही. एवढंच की मंडईत संध्याकाळी उशिरा भाव उतरतात ते खरं, पण पालेभाजी त्या वेळी घेऊ नका. निम्मी जुडी फेकण्यात जाते.

विजेचं १,९०० बिल म्हणजे तुम्ही महावितरणच्या १०० युनिटांच्या टप्प्याच्या बऱ्याच पुढे आहात. त्या टप्प्यानंतर युनिटचा दर दुपटीच्या आसपास जातो, म्हणून वाचवलेलं प्रत्येक युनिट तुमचं महागडं युनिट असतं. साधा गिझर २,००० वॉटचा असतो. अर्धा तास चालला की एक युनिट. पाच जणांच्या आंघोळी दोन तासांत विखुरल्या की तो पुन्हा पुन्हा तापत राहतो. एकामागोमाग उरकल्या तर महिन्याला वीस-पंचवीस युनिटं सहज कमी होतात. जुना पंखा ७५ वॉट खातो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, म्हणजे बीएलडीसी पंखा तीस-पस्तीस. हॉलमधला रात्रंदिवस फिरणारा एकच आधी बदला, तोही कार्ड फिटल्यावर.

पेट्रोलवर मी फार आशा लावणार नाही. मिस्टरांनी स्वारगेटपर्यंत गाडी नेऊन पुढे पिंपरीपर्यंत मेट्रो धरून बघावी. पैसे थोडे वाचतील, पण पावसाळ्यात अंग आणि गाडी दोन्ही वाचेल. आठवडाभर करून ठरवू दे त्यांना.

महापालिकेच्या मिळकतकराचं बिल मात्र आजच काढून बघा, ते वहीत नाही म्हणजे वर्षातून एकदा अचानक येऊन बसत असणार. स्वतः राहत असलेल्या घराला पुण्यात करात ४० टक्के सवलत आहे. एप्रिल २०१९ नंतर आकारणी झालेल्या पुष्कळ घरांना ती आपोआप लागली नाही, त्यासाठी पीटी-३ अर्ज आणि तिथे राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. तुमचं घर नव्या इमारतीत असेल तर सवलत लागली आहे का ते क्षेत्रीय कार्यालयात विचारा. लागली नसेल तर एका फेरीत काही हजारांचं काम होईल.

आरोग्यविमा असेल तर तो चुकूनही बंद करू नका. वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. आणि कुणी भिशीत ये म्हणालं तर या वर्षी नको. कार्ड फिटलं की पोस्टात आवर्ती ठेव उघडा, ती १०० रुपयांपासून उघडता येते.

तीन महिन्यांनी मला वही पुन्हा पाठवा, फोनच्या रकान्यासकट. चष्म्यासाठी पुढच्या महिन्याची वाट बघू नका, शनिवारी जाऊन नंबर काढून घ्या. साधी फ्रेम, साधी काच. ब्लाउजची टीप अंदाजाने मारून डोळे आणखी बिघडतील. आणि त्या पेन्सिलीच्या चौकटीवर या वेळी रक्कम लिहा, शाईने.

तुमची,
काकू